वाचकांचे प्रश्न : हिस्पॅनिक म्हणजे नक्की कोण?

गेल्या अंकात टेक्ससमधल्या सॅन अँतोनियोबद्दल लिहिताना मी ‘तिथली हिस्पॅनिक वस्ती’ असं लिहून मोकळी झाले. वाचक काही मोकळे झाले नाहीत. या महिन्यात निम्मी पत्रं त्या एका शब्दावरच आली, म्हणून लोणच्याचे आणि पासपोर्टचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलते. ज्यांनी ते विचारलेत त्यांनी रागावू नये.

माझी मुलगी डॅलसला एमएस करते. दाताच्या डॉक्टरकडे गेली, तर फॉर्मवर आधी विचारलं, ‘तुम्ही हिस्पॅनिक किंवा लॅटिनो आहात का?’ आणि लगेच खाली वेगळा वंश विचारला. हिस्पॅनिक ही जात आहे, वंश आहे की धर्म? आणि एकदा विचारून भागत नाही का? (नाशिक)

मुलीला सांगा, पहिल्याला ‘नाही’, दुसऱ्याला ‘एशियन’, आणि दाढेचं काय ते आधी बघून घे.

जात, वंश, धर्म यातलं हिस्पॅनिक काहीच नाही. अमेरिकन सरकारने 1977 साली एक फर्मान काढलं, त्यात या शब्दाची व्याख्या आहे : मेक्सिकन, पोर्तो रिकन, क्यूबन, मध्य किंवा दक्षिण अमेरिकन किंवा अन्य स्पॅनिश संस्कृतीची वा मुळाची व्यक्ती, मग तिचा वंश कोणताही असो. सगळी मेख त्या शेवटच्या तुकड्यात आहे. माणूस गोरा असेल, काळा असेल, तिथला मूळ आदिवासी असेल, लिमा शहरात जन्मलेला जपानी आजोबांचा नातू असेल. वंश कुठलाही चालतो, म्हणूनच तो वेगळा विचारावा लागतो. तुमच्या मुलीला एकच गोष्ट दोनदा विचारली नव्हती.

ह्यूस्टनच्या नैर्ऋत्येला, गल्फ्टन वस्तीजवळच्या एका दवाखान्यात मी बरीच वर्षं खिडकीवर बसून हेच फॉर्म भरून घेतलेत. पुण्यात शिकलेलं स्पॅनिश तिथे पोटापाण्याला लागलं. एकदा ग्वातेमालातल्या तोतोनिकापानची एक बाई भाच्याला घेऊन आल्या. मी विचारलं, ‘‘दे दोन्दे एस उस्तेद?’’ कुठल्या तुम्ही? बाई भाच्याकडे बघायला लागल्या. त्यांना स्पॅनिश जेमतेम येत होतं, त्यांची भाषा किचे. माया लोकांच्या भाषांपैकी एक, स्पॅनिशशी तिचं सुतराम नातं नाही. मी स्पॅनिशमध्ये विचारायचं, भाच्याने किचेत सांगायचं, मग उलट. पहिल्या प्रश्नाला भाच्याने न विचारताच ‘हो’वर खूण केली. दुसऱ्या प्रश्नाशी गाडी अडली. गोरे, काळे, एशियन, पॅसिफिक बेटांवरचे आणि ‘अमेरिकन इंडियन’. सरकारी नियमाने बाई या शेवटच्या खणात बसू शकत होत्या, कारण त्यात उत्तर, मध्य आणि दक्षिण अमेरिकेतले मूळ लोक येतात. मी बोट ठेवून दाखवलं. भाच्याने माझ्या कपाळावरच्या टिकलीकडे पाहिलं आणि म्हणाला, ‘‘पण इंडियन तर तुम्ही ना?’’

कोलंबसाने करून ठेवलेला घोळ मी खिडकीवर बसून काय निस्तरणार? बाईंनी तो खण कोराच सोडला.

त्याच खिडकीवर अर्जेंटिनाचे एक गृहस्थ यायचे. निळे डोळे, इटालियन आडनाव, आजी-आजोबा इटलीतल्या जेनोव्हाचे. तेही हिस्पॅनिक. तोतोनिकापानच्या बाई आणि हे गृहस्थ एकाच खुणेखाली मोजले गेले, आणि दोघांना एकमेकांचं जेवणसुद्धा ओळखू आलं नसतं.

मग असा शब्द केलाच का कोणी? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल. 1848 च्या ग्वादालुपे इदाल्गोच्या तहाने मेक्सिकोचा निम्म्याहून जास्त मुलूख अमेरिकेकडे गेला. कॅलिफोर्निया, न्यू मेक्सिको आणि आजूबाजूचा केवढा तरी प्रदेश. टेक्सस त्याआधीच गेलं होतं, निम्म्याहून जास्तचा हिशेब तेही धरून. तिथली माणसं जागची हलली नव्हती. ‘आम्ही सीमा ओलांडली नाही, सीमाच आमच्यावरून गेली,’ असं ते लोक आजही म्हणतात. 1898 मध्ये पोर्तो रिको आलं. 1959 च्या क्रांतीनंतर क्यूबातून लोक फ्लोरिडात आले. कॅलिफोर्नियाचा मेक्सिकन, न्यूयॉर्कचा पोर्तो रिकन आणि मायामीचा क्यूबन ही तीन निरनिराळी दुनिया होती. राजकारण वेगळं, गाऱ्हाणी वेगळी, एकमेकांशी फारसं देणंघेणं नाही.

शिरगणतीवाल्यांना यांना कुठे घालायचं तेच कळेना. 1930 साली त्यांनी ‘मेक्सिकन’ हा सरळ वंशच करून टाकला. मेक्सिको सरकारने आणि तिथल्या मेक्सिकन-अमेरिकन संघटनांनी ओरड केली, कारण त्या काळात ‘गोरा नाही’ असा शिक्का बसला की शाळेपासून नागरिकत्वापर्यंत सगळीकडे दारं बंद व्हायची. 1940 ला तो खण गायब झाला आणि मंडळी पुन्हा गोऱ्यांत जमा. पुढे नैर्ऋत्येच्या पाच राज्यांत आडनावांच्या यादीवरून मोजणी चालली. आडनाव स्पॅनिश वाटतंय ना, मग लाव तिकडे. लग्न करून आडनाव बदललेल्या बायका त्या यादीतून निसटल्या, आणि स्पॅनिश नवऱ्याच्या घरात आलेल्या आयरिश सुना आत शिरल्या.

1970 ला लोकांचा दबाव वाढला, तेव्हा नमुन्यादाखल पाच टक्के घरांना एक प्रश्न विचारला : तुमचं मूळ मेक्सिकन, पोर्तो रिकन, क्यूबन, ‘मध्य किंवा दक्षिण अमेरिकन’ की अन्य स्पॅनिश? आता कॅन्ससचा शेतकरी म्हणतो, मी अमेरिकेच्या मध्यावर राहतो. अलाबामाचा म्हणतो, मी दक्षिणेत. केली खूण! हा किस्सा रचलेला नाही, शिरगणती खात्याने स्वतःच नंतर हे कबूल केलंय.

आकडा कमी म्हणजे निधी कमी, मतदारसंघ कमी. लॉस एंजेलिसचे खासदार एडवर्ड रॉयबल यांनी पुढाकार घेतला आणि 1976 मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकन संसदेने, कायदा केला, की स्पॅनिश मुळाच्या अमेरिकनांची आकडेवारी सरकारने वेगळी गोळा करावी. मग प्रश्न आला नावाचा. ‘स्पॅनिश बोलणारे’ म्हणावं तर टेक्ससमधली तिसरी-चौथी पिढी इंग्रजीच बोलते. ‘स्पॅनिश आडनावाचे’ म्हणावं तर वरची भानगड. ‘लॅटिनो’ म्हणावं तर इटालियनही हक्क सांगतील अशी धास्ती. आरोग्य, शिक्षण आणि कल्याण खात्याच्या एका समितीत यावर बरीच भवति न भवति झाली. त्या समितीतल्या ग्रेस फ्लोरेस-ह्यूज या टेक्ससच्या बाईंनी ‘हिस्पॅनिक’चा आग्रह आपण धरला असं पुढे मुलाखतींत सांगितलंय. शब्द जुनाच होता. 1968 मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांच्या काळात ‘हिस्पॅनिक वारसा सप्ताह’ही सुरू झाला होता. पण सरकारी कागदावर तो पक्का बसला 1977 च्या फर्मानाने. 1980 ला प्रत्येक घराला तो प्रश्न गेला, स्पॅनिश टीव्हीवाल्यांनी ‘फॉर्म भरा, मोजून घ्या’ म्हणून प्रचार केला आणि 1 कोटी 46 लाख माणसं मोजली गेली. 2020 ला हाच आकडा 6 कोटी 21 लाख होता.

नाशिककर ताई, उत्तर लांबलं. पण मोजणीच्या सोयीसाठी टेबलावर बसून ठरवलेला हा शब्द आहे, हे एकदा ध्यानात आलं की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. माझं मत विचाराल तर सोय वाईट नव्हती. तीन दुनियांना वॉशिंग्टनमध्ये एक आवाज मिळाला तो त्या खुणेमुळेच.

शब्द मुळात आला कुठून? आमच्या सरांनी ‘हिस्पॅनिक म्हणजे सशांचा देश’ असं सांगितलं. वर्गात हशा झाला. (कोल्हापूर)

सरांना हसू नका. रोमन लोक आजच्या स्पेन-पोर्तुगालच्या सगळ्या द्वीपकल्पाला हिस्पानिया म्हणत. त्यावरून लॅटिन विशेषण हिस्पानिकुस, तेच घासत घासत हिस्पॅनिक झालं. हिस्पानियाचंच पुढे एस्पान्या झालं, म्हणजे स्पेन.

हिस्पानिया कुठून, यावर मात्र पंडितांत एकमत नाही. रोमनांच्या आधी त्या किनाऱ्यावर फिनिशियन व्यापारी उतरले होते. त्यांच्या बोलीत ‘इ’ म्हणजे बेट किंवा किनारा, आणि ‘शाफान’ म्हणजे त्यांच्या मायदेशातला खडकांत राहणारा सशाएवढा एक प्राणी. इकडे आले तर जिकडे तिकडे रानससे! त्यांनी ओळखीचं नाव चिकटवलं, असा हा तर्क. दुसरं मत आहे की नावाचा संबंध धातूंशी असावा, कारण फिनिशियन तिथे यायचे ते चांदीसाठी. तर्क दोन्ही चांगले आहेत, पण लोकांना ससा आवडला. सम्राट हेड्रियनच्या नाण्यावर हिस्पानिया एका बाईच्या रूपात रेललेली आहे, हातात ऑलिव्हची फांदी आणि पायाशी चक्क ससा. प्लिनी या रोमन लेखकाने तर लिहून ठेवलंय, की बालेआरिक बेटांवरच्या लोकांनी सशांचा बंदोबस्त करायला सम्राट ऑगस्टसकडे फौज मागितली होती. आपल्याकडच्या शेतकऱ्यांनी रानडुकरांसाठी असा अर्ज करून पाहायला हरकत नाही.

जाता जाता एक गंमत. कोलंबसाने 1492 मध्ये कॅरिबियनमधल्या एका बेटाला ‘ला एस्पान्योला’ नाव दिलं, नकाशांवर ते हिस्पॅनिओला झालं. त्या बेटाच्या पूर्वेला डोमिनिकन रिपब्लिक, पश्चिमेला हैती. हैतीवर पुढे फ्रेंचांची सत्ता आली, तिथे फ्रेंच आणि क्रेओल बोलतात. म्हणजे हिस्पॅनिओला बेटावर जन्मलेला हैतीचा माणूस हिस्पॅनिक नाही. शेजारचा डोमिनिकन आहे.

आम्ही वसईचे ख्रिस्ती. चुलतभाऊ न्यू जर्सीत नेवार्कला असतो. आडनाव गोन्सालविस असल्यामुळे बँकेपासून निवडणुकीच्या उमेदवारापर्यंत सगळ्यांची पत्रं त्याला स्पॅनिशमध्ये येतात. तो म्हणतो, आपण हिस्पॅनिकच असू बहुधा! खरं आहे का? (वसई)

नाही हो. पण पत्रं का येतात ते सांगते. आडनावाचं शेपूट बघा. स्पॅनिश आडनावं ‘एझ’वर संपतात : गोन्सालेझ, रोद्रिगेझ, फर्नांदेझ, लोपेझ. पोर्तुगीज संपतात ‘एस’वर : गोन्साल्वेस, रोद्रिगेस, फर्नांदेस, लोपेस. दोन्हींचा अर्थ एकच, अमक्याचा मुलगा. वसई-गोव्यात बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्र्याचं किंवा धर्मपित्याचं पोर्तुगीज आडनाव मिळालं आणि ते मराठी-कोंकणी जिभेवर रुळून गोन्सालविस, फर्नांडिस, लोपीस झालं. पत्ते विकणाऱ्या अमेरिकन कंपनीच्या संगणकाला ‘एस’ आणि ‘एझ’मध्ये फरक करायला वेळ नसतो. त्यात नेवार्कचा आयर्नबाउंड भाग पोर्तुगीज आणि ब्राझिलियन लोकांनी गजबजलेला. तिथे तर तुमच्या भावाला दुकानात कोणी इंग्रजी बोलेल तरच नवल.

पण प्रश्न वाटतो तितका बाळबोध नाही. रोमनांच्या हिस्पानियात पोर्तुगालही होतं, त्यामुळे जुन्या अर्थाने पोर्तुगीजही हिस्पानच. त्यातून 1580 साली पोर्तुगालची गादी रिकामी पडली आणि स्पेनच्या दुसऱ्या फिलिपने ती घेतली. 1640 पर्यंत दोन्ही मुकुट एकाच डोक्यावर होते. म्हणजे साठ वर्षं वसईच्या किल्ल्याचा आणि गोव्याचा राजा माद्रिदचा होता! मात्र कारभार पोर्तुगीजांच्याच हाती ठेवीन असं वचन फिलिपने दिलं होतं, म्हणून वसईच्या माणसाला फरक फारसा जाणवला नसावा. चिमाजी आप्पांनी 1739 मध्ये किल्ला घेतला, तोवर ती जोडी मोडून शंभर वर्षं होत आली होती.

अमेरिकन व्याख्येत शब्द आहे ‘स्पॅनिश संस्कृती वा मूळ’. पोर्तुगीज त्यात नाही, म्हणून ब्राझीलचे लोक सरकारी हिशेबात हिस्पॅनिक नाहीत. स्वतः लिहिलं तरी शिरगणतीवाले नंतर ते उत्तर गुपचूप बदलतात. 2020 च्या पाहणीत ही बदलाबदली चुकून राहून गेली आणि एक मजेदार गोष्ट उघडी पडली. आदल्या वर्षी हिस्पॅनिक म्हणून मोजले गेलेले ब्राझिलियन होते 14 हजार, त्या वर्षी निघाले 4 लाख 16 हजार. इतक्या लोकांना स्वतःला तसं वाटत होतं, हे चुकीमुळे कळलं. त्याच सरकारचं वाहतूक खातं मात्र कंत्राटं देताना अनेक वर्षं ‘हिस्पॅनिक’मध्ये पोर्तुगीज मूळही धरत आलं. एक सरकार, दोन खाती, दोन व्याख्या. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही.

तुमच्या भावाचं मूळ वसईचं, आडनाव तेवढं बाहेरचं. त्याने ‘एशियन’वर खूण करावी. आणि फोन आला तर म्हणावं, ‘‘नो आब्लो एस्पान्योल.’’ स्पॅनिश येत नाही. हे इतकं स्वच्छ म्हणू नये मात्र, समोरचा विश्वास ठेवत नाही.

हिस्पॅनिक म्हणावं की लॅटिनो? नातू म्हणतो हिस्पॅनिक शब्द जुनाट आहे, आता लॅटिनेक्स म्हणतात. (ठाणे)

नातू कॉलेजात असणार.

हिस्पॅनिकचा रोख स्पेनकडे, लॅटिनोचा लॅटिन अमेरिकेकडे. त्यामुळे स्पेनमधून आलेला माणूस हिस्पॅनिक, पण लॅटिनो नाही. ब्राझिलियन लॅटिनो, पण हिस्पॅनिक नाही. मेक्सिकन दोन्ही. ज्यांना स्पेन म्हटलं की आधी जेता आठवतो त्यांना लॅटिनो बरा वाटतो, आणि कॅलिफोर्नियात तोच जास्त ऐकू येतो. टेक्ससमध्ये माझ्या कानावर हिस्पॅनिक जास्त पडायचा. न्यू मेक्सिकोत तर ‘हिस्पानो’ म्हणवून घेणारी घराणी आहेत, सांता फे वसलं 1610 च्या सुमारास, तेव्हापासूनची. 1997 मध्ये सरकारने भांडण नको म्हणून ‘हिस्पॅनिक किंवा लॅटिनो’ असं दोन्ही घातलं. पण लॅटिनो शब्दही काही त्या मातीतून उगवलेला नाही. ‘लॅटिन अमेरिका’ ही कल्पना एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये वाढली, आणि तिसऱ्या नेपोलियनला मेक्सिकोत पाय रोवायचा होता तेव्हा ती फ्रेंचांच्या फार सोयीची ठरली.

लॅटिनेक्सचं म्हणाल, तर 2020 मध्ये प्यू या अमेरिकेतल्या जनमत-पाहणी करणाऱ्या संस्थेची पाहणी प्रसिद्ध झाली. हिस्पॅनिक प्रौढांपैकी हा शब्द ऐकलेले 23 टक्के, वापरणारे 3 टक्के. स्त्री-पुरुष भेद टाळण्याचा हेतू चांगलाच आहे, पण अखेरचा तो ‘क्ष’ स्पॅनिश जिभेला वळत नाही. म्हणून काही तरुण ‘लातिने’ म्हणतात, ते निदान उच्चारता येतं. खिडकीवरचा माझा अनुभव असा, की ‘तुम्ही कोण’ विचारल्यावर कोणी हिस्पॅनिकही म्हणत नाही आणि लॅटिनोही नाही. ‘होन्दुरासची’, ‘मिचोआकानचा’, ‘पोर्तो रिकोची, पण जन्म ब्रुकलिनचा’.

फिलिपिनो लोकांची आडनावं सांतोस, क्रूझ, रेयेस. तीनशे वर्षं स्पेनचं राज्य. मग ते हिस्पॅनिक का नाहीत? (सांगली)

व्याख्येत बसवता आले असते, पण अमेरिकेने त्यांना एशियनमध्ये घातलंय. आडनावांवर जाऊ नका. 1849 मध्ये गव्हर्नर क्लावेरिया यांनी हुकूम काढून आडनावांची छापील वही गावोगाव पाठवली आणि कुटुंबांना त्यातून आडनावं वाटली. कर वसूल करायला एकाच नावाची शंभर माणसं अडचणीची होत होती.

या सगळ्या मोजणीत आपण भारतीय कुठे होतो? (पुणे)

1930 च्या ज्या शिरगणतीत ‘मेक्सिकन’ हा वंश होता, त्याच शिरगणतीत ‘हिंदू’ हाही वंश होता! 1920 ते 1940 या तिन्ही वेळी होता, आणि त्यात मोजलेले बहुतेक पंजाबचे शीख. त्यातल्या बऱ्याच जणांनी कॅलिफोर्नियाच्या इम्पिरियल खोऱ्यात मेक्सिकन बायकांशी लग्नं केली. मुलांची नावं मारिया सिंग, होसे सिंग अशा धर्तीची. ही मुलं आजच्या फॉर्मवर दोन्ही खुणा करू शकली असती.

1970 ला भारतीय गोऱ्यांत मोजले गेले. पुढे भारतीयांच्या संघटनांनी खटपट केली, तेव्हा 1980 पासून ‘एशियन इंडियन’ हा वेगळा खण आला. ज्या शिरगणतीत हिस्पॅनिकचा प्रश्न घरोघर गेला, तीच ही.

आता 2024 च्या मार्चमध्ये पुन्हा नियम बदललेत. पुढच्या फॉर्मांवर हिस्पॅनिक आणि वंश हे दोन प्रश्न वेगळे न ठेवता एकाच यादीत यायचेत, हव्या तितक्या खुणा करा. कारण उघड आहे. 2020 मध्ये दर शंभर हिस्पॅनिकांमागे बेचाळीस जणांनी वंशाच्या प्रश्नाला नुसतं ‘इतर’ असं उत्तर दिलं होतं.

तुमचं कोणी तिकडे असेल तर एक सांगून ठेवा. तिथे दरवर्षी काही घरांना एक मोठा पाहणी-फॉर्म येतो, त्यात घरी इंग्रजीखेरीज कोणती भाषा बोलता असा प्रश्न असतो. आपले लोक तिथे उगाच ‘हिंदी’ किंवा ‘इंडियन’ लिहून मोकळे होतात. मराठी वेगळी मोजतात ते लोक. तिथे मराठी लिहा म्हणावं.